हिरव्या पानामागचा शॅम्पू

पारनेरच्या एखाद्या शेतकऱ्याने ठरवलं की आपला हरभरा पाकिटात भरून ‘सेंद्रिय’ म्हणून दुकानात विकायचा, तर त्याला बरीच कळ काढावी लागते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकाचं रान किमान दोन वर्षं आणि फळबाग तीन वर्षं रासायनिक खत-औषधांपासून दूर ठेवायची, नोंदवह्या भरायच्या, तपासनीस बांधावर येऊन जाणार, आणि मग २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांनुसार पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह लागणार. त्याच गावच्या मेडिकलमध्ये बाळाच्या शॅम्पूची बाटली मात्र ‘ऑरगॅनिक’, ‘नॅचरल’ आणि ‘हर्बल’ अशी तिन्ही बिरुदं एकदम मिरवत उभी असते. वर एक हिरवं पान छापलेलं. तिच्यासाठी कुणी बांधावर गेलेलं नसतं, कारण २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांमध्ये ‘ऑरगॅनिक’ कशाला म्हणायचं याची व्याख्याच दिलेली नाही.

काही कंपन्या खासगी प्रमाणपत्र घेतात. त्यातलं ‘कॉसमॉस’ हे युरोपातल्या संस्थांनी मिळून बनवलेलं मानक त्यातल्या त्यात कडक. त्यातही शॅम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूत, बाकीच्या अटी पाळून, एकूण मालाच्या १० टक्के भाग सेंद्रिय असला तरी ‘ऑरगॅनिक’ म्हणता येतं. यात लबाडी नाही. शॅम्पूत मुख्यतः पाणी असतं आणि पाण्याला सेंद्रिय ठरवता येत नाही, एवढाच हिशेब आहे. पण दुकानात उभ्या असलेल्या आईला ‘ऑरगॅनिक’ वाचून जे वाटतं, ते हे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘प्युअर’ असे शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय मोघमपणे वापरू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. सूचना चांगली आहे. बाटल्या अजून फारशा बदललेल्या दिसत नाहीत.

म्हणून बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. कायद्याने तिथे घटकांची यादी द्यावी लागते, आणि एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. इथे एक सोपी खूण कामाला येते. बऱ्याच शॅम्पूंत फेनॉक्सिइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. तेव्हा यादीत त्याच्या नंतर जे जे आलं, ते एक टक्क्याच्या आतलं. पुढच्या बाजूला कोरफड, कडुनिंब आणि बदाम यांची मोठी चित्रं असतात. मागे हे तिघे फेनॉक्सिइथेनॉलच्या खाली अंग चोरून बसलेले आढळले, तर आपण चित्राचे पैसे दिले असं समजावं.

यादीत पहिलं नाव पाण्याचं. खरा शॅम्पू म्हणजे दुसरं, तिसरं आणि चौथं नाव. फेस आणणारे आणि तेलकट मळ सोडवणारे घटक ते हेच. त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. असे अनेक रेणू तेलाच्या कणाभोवती गोळा होतात आणि तो कण पाण्याबरोबर वाहून जातो. मळ आणि त्वचेचं स्वतःचं संरक्षक तेल यांतला फरक त्यांना कळत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हा यातला सर्वांत आक्रमक. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य. कोकामिडोप्रोपिल बीटेन आणखी सौम्य, म्हणून लहान मुलांच्या शॅम्पूत तो सर्रास असतो; तरी अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली त्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. डेसिल ग्लुकोसाइड आणि कोको ग्लुकोसाइड हे बहुधा सर्वांत मवाळ. ते ग्लुकोज आणि खोबरेल किंवा पामतेलापासून मिळणारं फॅटी अल्कोहोल जोडून करतात. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्याला ऐकायला गोड वाटेल, पण हे ग्लुकोज उसातून येत नाही. बहुतेक वेळा ते मक्याच्या किंवा गव्हाच्या स्टार्चमधलं असतं.

‘नारळापासून बनवलेला’ या दाव्याची गंमत इथेच आहे. लॉरिल सल्फेटसुद्धा खोबरेल तेलापासूनच बनवता येतं. म्हणजे ज्याला टाळायचं म्हणून आपण नॅचरल बाटलीकडे वळलो, तोही त्याच झाडावरून उतरलेला असू शकतो. घटक आला कुठून हे पान सांगतं. बाळाच्या डोळ्यात गेल्यावर काय करतो, हे सांगत नाही.

‘आयुर्वेदिक’ म्हणून परवाना घेतलेल्या शॅम्पूंचं लेबल तर वेगळंच. ‘प्रत्येक १० मि.ली. मध्ये’ म्हणून शिकेकाई अमुक मिलिग्रॅम, आवळा अमुक मिलिग्रॅम अशी यादी येते आणि शेवटी असतं ‘शॅम्पू बेस – क्यू. एस.’, म्हणजे लागेल तेवढा. आता या बेसमध्ये कोणता सर्फॅक्टंट आहे? बाटलीतला मोठा हिस्सा त्या दोन अक्षरांत गडप झालेला असतो. मोठ्यांनी तो वापरावा की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. तान्ह्या बाळासाठी बेस न सांगणारी बाटली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं ऐकल्यावर घरातली आजी म्हणणार, “अगं, मग आपली शिकेकाई काय वाईट आहे? तुझा नवरा रिठ्याच्या पाण्यानंच न्हायलाय.” आजीचं म्हणणं अर्ध्याहून अधिक खरं आहे, आणि उरलेलं महत्त्वाचं आहे.

शिकेकाईची काटेरी वेल सह्याद्रीच्या जंगलात आपोआप वाढते. तिच्यावर कुणी फवारणी करत नाही, तिला कुणी युरिया टाकत नाही. सेंद्रिय म्हणावं तर याहून सेंद्रिय काय असणार? तिच्या शेंगांत आणि रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाचे रेणू असतात, तेच फेस आणतात. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो, त्वचेच्या स्वभावाला जवळचा. म्हणून केस चरचरीत होत नाहीत. रिठा जास्त जोरकस. पैठणी धुवायला, काळवंडलेली चांदी आणि सोन्याचे दागिने उजळायला आपण तो वापरतो ते उगाच नाही.

हेच सॅपोनिन पेशींच्या पापुद्र्यातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि पापुद्रा फाडतं. सॅपोनिन असलेली फळं कुटून डोहात टाकायची आणि मासे गुंगवून पकडायचे, ही पद्धत आपल्या डोंगरपट्ट्यांतही जुनी आहे. माशांच्या कल्ल्यांवर ते असंच काम करतं. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की मोठा माणूसही कळवळतो, डोळा लाल होतो, क्वचित बुबुळाच्या वरच्या थराला इजा होते. आता नवजात बाळाचा विचार करा. मोठा माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, तान्हं बाळ दोन-चार वेळाच. डोळ्यात गेलेलं धुऊन काढायची त्याची स्वतःची सोयच अपुरी. त्यात आपल्याकडे बाळाला पायावर पालथं-उताणं घेऊन न्हाऊ घालतात. उताण्या बाळाच्या कपाळावरून पाणी कुठे जाणार हे सांगायला नको. शिकेकाईच्या पुडीत काट्या-सालींचे बारीक कणही असतात, गाळणीतून निसटले की तेही खुपतात. आणि आठवडी बाजारातली सुटी पूड किती जुनी आहे, तिला बुरशी लागली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: रिठा बाळासाठी नकोच. शिकेकाई मूल दोन-तीन वर्षांचं झालं, ‘डोळे मिट’ म्हटल्यावर मिटायला लागलं, की खुशाल काढावी. शेंगा घरी भिजवून, उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून त्याच दिवशी वापरावी. उरलेला काढा दुसऱ्या आंघोळीपर्यंत ठेवू नये.

बाळाच्या शॅम्पूंनी डोळ्याचा प्रश्न १९५० च्या दशकात वेगळ्या वाटेने सोडवला. ‘डोळ्यांत पाणी येणार नाही’ हे वचन तेव्हाचं. त्यात डोळा बधिर करणारं औषध असतं, अशी एक वावडी अजून फिरते. ती खोटी आहे. आक्रमक सर्फॅक्टंटच्या जागी मवाळ आणि मोठ्या रेणूंचे सर्फॅक्टंट घातले की ते पापुद्र्यात शिरत नाहीत, इतकंच. हे रेणू कारखान्यात बनतात. निसर्गाने दिलेला रिठा डोळा झोंबवतो आणि प्रयोगशाळेतला रेणू झोंबवत नाही, हे हिरव्या पानाच्या भक्तांना पटायला जड जातं.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्यात निम्मा प्रश्न बाटलीत नसून बादलीत आहे. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं. नव्या वसाहतींत आणि वाड्या-वस्त्यांवर मात्र न्हाणीत बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. प्रवरेच्या कालव्यांखाली वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी दिल्याने काही जमिनी खारवल्या, तिथल्या विहिरींचं पाणी आणखी जड. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. मोजायला यंत्र हवंच असं नाही. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही बोटचेपी होत नसेल, हीटरच्या कांडीवर पांढरं पूट चढत असेल, तर पाणी जड आहे.

अशा पाण्यात साबण, मग तो कितीही शुद्ध आणि हाताने बनवलेला असो, कॅल्शियमशी जुळून पांढरट चोथा होतो. तो चोथा बाळाच्या केसांत, कानामागे आणि मानेच्या वळ्यांत बसतो. शिवाय साबण मुळात अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरात. बाळाची त्वचा जन्मतः उदासीन असते आणि पुढच्या काही आठवड्यांत आम्लधर्मी होते, साडेपाचच्या आसपास. हा आम्लपणाच जंतूंना थोपवतो. तिचा वरचा थर मोठ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. तेव्हा बचत गटाच्या प्रदर्शनातून कौतुकाने आणलेला हळद-चंदनाचा साबण बोअरच्या पाण्याबरोबर बाळाच्या डोक्याला लावणं, हा ‘नैसर्गिक’ मार्ग साध्या सौम्य शॅम्पूपेक्षा जास्त त्रासाचा ठरतो. सर्फॅक्टंटचे शॅम्पू जड पाण्यात असा चोथा करत नाहीत.

मग पाणी मऊ करणारं यंत्र बसवावं का? ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून पाहिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत त्यांचा एक्झिमा काही त्यामुळे कमी झाला नाही. त्यापायी हजारो रुपये घालवू नयेत. त्यापेक्षा तांब्या-दोन तांबे पाणी उकळून निवू द्यावं. उकळल्यावर क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. वरचं निथळ पाणी शेवटच्या विसळणीला ठेवावं. पाथर्डी, जामखेडकडच्या टँकरच्या गावांत तर आणखी एक हिशेब धरायला हवा: जितका फेस जास्त, तितकं तो काढायला पाणी जास्त. पाणी मोजकं असेल तिथे भरघोस फेसाचा शॅम्पू म्हणजे डोक्यावर राहून गेलेला शॅम्पू. कमी फेसाच्या ग्लुकोसाइडवाल्या बाटलीचा खरा फायदा इथे कळतो.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हा दावा ऐकायला चांगला, पण शॅम्पूत पाणी असतं, न्हाणीत ऊब असते आणि ओला हात बाटलीला लागतो. काहीच न घालता ठेवलेल्या अशा द्रवात जंतू वाढणारच. प्रश्न कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह, हा आहे. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट ही साधी नावं. डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-१५ दिसलं तर बाटली परत फळीवर ठेवावी. ही दोन्ही हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नावही टाळावं, त्याची ॲलर्जी पुष्कळांना होते.

फॉर्माल्डिहाइडवरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला तो २०१९ मध्ये. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी शॅम्पूच्या दोन बॅचमध्ये ते असल्याचं राजस्थानच्या औषध नियंत्रण विभागाने जाहीर केलं. कंपनीने ते नाकारलं आणि पुढे केंद्रीय प्रयोगशाळेच्या फेरतपासणीत काही सापडलं नसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रातलं प्रकरण याच कंपनीच्या बेबी पावडरचं, आणि ते पीएचवर अडलं होतं. पुणे आणि नाशिकला घेतलेले नमुने पीएचच्या कसोटीला उतरले नाहीत म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्दबातल ठरवले. नमुने घेतल्यापासून कारवाईपर्यंत लागलेल्या काळावरही न्यायालयाने बोट ठेवलं. दोन्ही प्रकरणांत नाव मोठं म्हणून तपासणी तरी झाली. ऑनलाइन मागवलेल्या, कुणी बनवलेली ते धड कळत नाही अशा ‘होममेड ऑरगॅनिक’ बाटलीची तपासणी कोण करतं? सौंदर्यप्रसाधन विकायला बनवायचं तर उत्पादन परवाना लागतो, मग तो कारखाना असो की बचत गट. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता यांतलं एक जरी नसलं तरी ती बाटली घेऊ नये.

वासाचं पाहू. लॅव्हेंडर, टी ट्री ही तेलं झाडापासूनच येतात आणि बाळाच्या ‘नॅचरल’ मालात हमखास असतात. अमेरिकेत २००७ साली तीन मुलग्यांच्या छातीची वाढ आणि या तेलांचा वापर यांचा संबंध जोडणारा वैद्यकीय अहवाल आला. तो संबंध सिद्ध झालेला नाही, वादही झाले. पण बाळाच्या डोक्याला लॅव्हेंडरचा वास येण्याची निकड काय? कापूर असलेलं तर काहीच नको. तो पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन घातलं होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना पुढे गव्हाची ॲलर्जी झाली, काहींना पोळीसारखे पदार्थ खाल्ल्यावर गंभीर त्रास व्हायला लागला. त्वचेतून शिरलेलं अन्न शरीर कधीकधी शत्रू मानतं. ‘दूध, ओट्स आणि बदामाच्या गुणांनी युक्त’ हे वाचताना हे आठवावं. ज्या बाळाला आधीच एक्झिमा आहे, त्याच्यासाठी तर नक्कीच.

मुळात बाळाला शॅम्पू लागतो किती? पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास थांबून घालावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पुढचे काही आठवडे डोक्याला साधं कोमट पाणी पुरतं. नंतरही आठवड्यातून एक-दोनदा, वाटाण्याएवढा शॅम्पू. आपल्याकडे तो जास्त लागतो याला कारण टाळू भरणं. रोज टाळूवर तेल जिरवायचं, ते चिकट होतं म्हणून रोज डाळीचं पीठ किंवा साबण, त्याने त्वचा कोरडी पडते म्हणून पुन्हा तेल. टाळू तेलाने भरत नाही. कवटीची हाडं वाढून ती साधारण वर्ष-दीड वर्षात आपसूक मिटते. तेल लावायचंच तर खोबरेल, थोडं, मोहरीचं नको. डोक्यावर पिवळ्या खपल्या धरल्या असतील तर तासभर आधी तेल लावून, मऊ फणीने हलकेच सोडवून, सौम्य शॅम्पूने धुवावं. त्या खपल्या अस्वच्छतेने येत नाहीत आणि काही महिन्यांत जातात. कोरडं वेखंड डोक्यावर भुरभुरायचं थांबवावं. ती पूड श्वासात जाते.

तर दुकानात गेल्यावर: यादी छोटी, वास नाही, ग्लुकोसाइड किंवा बीटेनवर आधारलेला, पीएच साडेपाचच्या आसपास असल्याचं लिहिलेलं, परवाना क्रमांक असलेला. मग त्यावर हिरवं पान असो वा नसो. घरी आणल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून, धुऊन, दोन दिवस बघावं. पुरळ उठलं तर बाळाला डॉक्टरांकडे न्यावं आणि बाटली फेकू नये. बॅच क्रमांकाचा फोटो आणि पावती जपावी. फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते आणि मालाच्या दर्जाची अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर. दोन्ही फोन मोफत आहेत.